सहीआधीचा रकाना

मढ नकाशात मुंबईत आहे, पण सरकारी कचेऱ्यांच्या दृष्टीने ते अजूनही बेटच आहे. वर्सोव्याची खाडी फेरीबोटीने ओलांडायची, नाहीतर २७१ नंबरच्या बसने मार्वे रस्त्याने मालाड स्टेशन गाठायचे, असे दोनच मार्ग. इथली खोली किंवा बंगला भाड्याने द्यायचा तर घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावे लागे आणि त्यात दिवस मोडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. जबाबदारी घरमालकाची, ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नोंदणी व मुद्रांक विभागाने ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची ई-नोंदणी सुरू केल्यापासून ही पायपीट संपली. एजंट लॅपटॉप आणि थंब मशीन घेऊन घरी येतो, वेबकॅमसमोर बसवतो, आधारशी अंगठा जुळवतो आणि काही दिवसांत नोंदणीकृत कराराची पीडीएफ मोबाइलवर येते. ही सोय खरी आहे आणि पुढच्या लिखाणात कुठेही तिचा निषेध नाही. प्रश्न आहे तो अंगठा ठेवण्याआधीच्या कामाचा. तो फॉर्म कोणी आखला, त्यातले कोणते रकाने उघडे ठेवले, कोणते कुलूपबंद केले, आणि भरताना कीबोर्ड कोणाच्या हातात होता?

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक सहीवर भरपूर विचार झालेला आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात ‘डिजिटल’च्या जोडीला व्यापक अर्थाची ‘इलेक्ट्रॉनिक’ सही आली, इलेक्ट्रॉनिक मार्गाने केलेले करार केवळ त्या कारणाने अवैध ठरणार नाहीत असेही स्पष्ट झाले, आणि २०१५ पासून आधारच्या ओटीपीवर ई-साइन करण्याची सोय रुळली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि त्यांच्यावरचा नियंत्रक अशी सगळी उतरंड उभी आहे. साक्षीच्या कायद्यानेही या सहीला मान दिला. जुन्या पुरावा कायद्यात असलेली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कायम राहिलेली तरतूद सांगते, की सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही ही त्या दस्तऐवजाला मान्यता देण्याच्या हेतूनेच केली, असे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरील. हे गृहीतक संपूर्ण दस्तऐवजाला लागू होते. म्हणजे पान सातवरच्या, कोणी आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनालाही. सहीवर आपण एवढा पहारा बसवला आणि व्यवहाराचा खरा निर्णय जिथे होतो तो रकाना मात्र ज्याच्या हाती सॉफ्टवेअर त्याच्या मर्जीवर सोडला, असे माझे म्हणणे आहे. रकान्याची आखणी हे तांत्रिक काम समजून आपण ते डेटा एंट्री करणाऱ्यावर, एजंटवर किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर टाकून दिले. ते खरे तर मसुदा लिहिण्याचेच काम आहे आणि त्यावर मसुद्याइतकेच कायद्याचे लक्ष हवे.

भरता येणारा पीडीएफ फॉर्म तसा जुना आहे. पीडीएफ १९९३ मध्ये आले, त्यात भरता येण्याजोगे रकाने १९९६ च्या सुमारास आले, डिजिटल सही त्यानंतर काही वर्षांनी. २००८ मध्ये हा सगळा आराखडा आयएसओचे खुले मानक झाला. आपल्याकडे त्याचा मोठा सरकारी वापर २००६ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ‘एमसीए २१’ प्रकल्पाने केला. कंपन्यांची विवरणपत्रे पीडीएफ फॉर्ममध्ये भरायची, संचालकाने आणि सीएने त्यावर डिजिटल सही करायची आणि अपलोड करायचे, अशी ती पद्धत होती. पुढे मंत्रालय टप्प्याटप्प्याने वेब फॉर्मकडे वळले. मात्र त्या वर्षांनी एक सवय मागे ठेवली. संचालकांच्या सहीचे डोंगल सीएच्या कपाटात, त्यांचे पिन कर्मचाऱ्याच्या वहीत, आणि संचालकाला फॉर्म दिसतो तो दाखल झाल्यावर. कायद्याच्या लेखी यातली प्रत्येक सही निर्दोष असते.

रकाना बनवणे म्हणजे नेमके काय करणे, हे एकदा नीट पाहायला हवे, कारण सगळा वाद तिथेच आहे. फॉर्म बनवणारा पानावर एक चौकोन आखतो आणि त्याला नाव देतो. त्यात मजकूर येणार, तारीख येणार, टिक येणार की ठरावीक पर्यायांतून निवड करायची, हे तो ठरवतो. रकाना भरलाच पाहिजे की रिकामा चालेल हेही तोच ठरवतो. त्यात आधीपासून काही भरलेले असेल का, ते बदलता येईल का, दोन रकान्यांची बेरीज तिसऱ्यात आपोआप येईल का, एखादा रकाना पडद्यावर दिसणारच नाही का, हे सगळे त्याच्या हातात असते. शेवटी सहीची जागा आखताना, सही झाल्यावर कोणते रकाने गोठतील आणि कोणते उघडे राहतील हेही ठरवता येते. पण ते ठरवावेच लागते असे नाही. यातला प्रत्येक निर्णय कराराची अट आहे. पर्यायांच्या यादीत ‘एक महिना’ आणि ‘दोन महिने’ एवढेच असतील तर तीन महिन्यांच्या नोटिशीचा मुद्दा वाटाघाटीला येण्याआधीच बाद झाला. डिपॉझिटवर व्याज द्यायचे की नाही याला रकानाच नसेल तर त्यावर बोलणे झाले नाही, असेच दस्तऐवज सांगणार.

कागदावर असे नव्हते. कागदी करारातही मसुदा करणारा एक आणि सही करणारा दुसरा, हे मान्य. पण सही करणाऱ्याच्या हातात पेन असे, आणि ज्या पेनाने सही करायची त्याच पेनाने छापील अट खोडता येत असे. समासात ‘हे कबूल नाही’ लिहून बाजूला आद्याक्षरे घालता येत. समोरचा कुरकुर करायचा, पण कागद कुरकुर करत नसे. कायद्यानेही ही खाडाखोड गांभीर्याने घेतली होती. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम २० सांगते, की दस्तात ओळींच्या मधला मजकूर, रिकामी जागा, पुसापुशी किंवा बदल असेल आणि दस्त करून देणाऱ्यांनी त्या-त्या ठिकाणी सही वा आद्याक्षरे केली नसतील, तर नोंदणी अधिकारी तो दस्त नाकारू शकतो. यात रिकाम्या जागेचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायदेकर्त्यांना ठाऊक होते, की रिकामी सोडलेली जागा ही उद्या कोणीतरी भरणारी जागा असते; म्हणून ती रिकामी आहे यालाही सही हवी. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ ने नेमकी उलटी बाजू घेतली. त्यातही, योगायोगाने, कलम २० च. मुद्रांकित कोऱ्या किंवा अपुऱ्या वचनचिठ्ठीवर सही करून ती दुसऱ्याच्या हाती दिली, की ती मुद्रांकाच्या मर्यादेपर्यंत भरून घेण्याचा अधिकार सकृद्दर्शनी त्याला दिला असे मानले जाते. एक कायदा रिकाम्या जागेवर संशय घेतो, दुसरा ती भरण्याचे अधिकारपत्र मानतो. भरता येणारा फॉर्म नकळत दुसऱ्या वाटेने गेला, आणि या वाटेवर जायचे की नाही याची चर्चाच झाली नाही. सही करणाऱ्यासमोर आता दोनच पर्याय उरले: सहीची जागा दाखवणाऱ्या पिवळ्या खुणेवर दाबा, किंवा फॉर्म बंद करा. अट खोडण्याचा तिसरा पर्याय कोणी मुद्दाम काढून घेतला नाही. आखणाऱ्याला तो सुचला नाही, एवढेच.

यावर तंत्रज्ञ सांगतील, की ई-साइनमध्ये दस्तऐवजाला सहीनंतर हात लागला तर तो लगेच उघड होतो. कागदाला ही ताकद नव्हती. बरोबर आहे. पीडीएफच्या बाइट्सचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, काढला जातो, त्यावर सही होते, आणि नंतर त्या बाइट्समधला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश जुळत नाही. पण आधार ई-साइनमध्ये प्रत्यक्षात काय होते तेही पाहा. फॉर्म ज्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर आहे ते फक्त हा हॅश ई-साइन देणाऱ्या संस्थेकडे पाठवते, दस्तऐवज पाठवत नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. संस्था ओटीपी तपासते, त्या एका सहीपुरती किल्ली तयार करते, सही करते आणि किल्ली नष्ट करते. प्रमाणपत्रही अल्पकाळाचे. म्हणजे सही ‘करून देणाऱ्या’ संस्थेने करार पाहिलेला नसतो, आणि अनेकदा सही करणाऱ्यानेही नीट पाहिलेला नसतो. तो संपूर्ण पाहिलेला एकच पक्ष उरतो: फॉर्म बनवणारा. साखळीतला प्रत्येक दुवा भक्कम आहे, आणि सगळी साखळी पहिल्या दुव्याच्या प्रामाणिकपणावर लटकते आहे.

सहीनंतरच्या सुरक्षिततेबद्दलही फार निर्धास्त राहू नये. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की तपासलेल्या २२ डेस्कटॉप पीडीएफ वाचकांपैकी २१ मध्ये सही केलेला मजकूर बदलूनही ‘सही वैध’ अशी पट्टी दिसत राहू शकते. त्या त्रुटी कंपन्यांनी दुरुस्त केल्या. मग पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठातून ‘शॅडो अटॅक’ पुढे आले, आणि आपल्या विषयाशी त्यांचेच नाते जास्त जवळचे आहे. यात लबाडी सहीच्या आधी पेरली जाते. फॉर्म बनवणारा दोन मजकूर ठेवतो, एक दिसणारा आणि एक झाकलेला. सही करणारा दिसणाऱ्यावर सही करतो, आणि नंतर निरुपद्रवी वाटणारा बदल करून झाकलेला वर आणला जातो. रकान्यात साठवलेली किंमत आणि पडद्यावर उमटणारी किंमत वेगवेगळी ठेवता येते, याचाही त्यात उपयोग करून घेतलेला होता. सामान्य भाडेकराराच्या वाट्याला असला हल्ला क्वचितच येईल. पण त्याने एक गोष्ट पक्की केली: सहीचे गणित अचूक असले तरी फॉर्म बनवणाऱ्यावर अविश्वास दाखवण्याचे साधन त्या गणितात नाही.

मढला तर हे कोणी परदेशातून येऊन सांगायला नको. मढ-एरंगळ पट्ट्यातल्या बंगल्यांचे प्रकरण गेली काही वर्षे गाजते आहे. मुंबईत १७ एप्रिल १९६४ पूर्वीपासून अस्तित्वात असलेल्या निवासी बांधकामांना महापालिका अभय देते. सागरी किनारा नियमन क्षेत्रात बांधकाम जुने असल्याचे सिद्ध करणे म्हणजे तर सोन्याचा तुकडा हाती येणे. त्यासाठी भूमापन विभागाच्या जुन्या नकाशांमध्येच फेरफार करून नसलेली बांधकामे जुनी म्हणून दाखवली गेली, असे आरोप झाले. गुन्हे दाखल झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, विशेष तपास पथक नेमले गेले आणि २०२५ मध्ये महापालिकेने या भागातल्या अनेक बांधकामांना नोटिसा काढल्या. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. मला त्यातली रीत महत्त्वाची वाटते. आरोप असा, की नकाशाची प्रत खऱ्या कचेरीतून आली, तिच्यावरचा शिक्का खरा होता आणि खोटी होती ती आतली रेघ. समजा त्या वेळी प्रत्येक नकाशाला डिजिटल सही असती. काय बदलले असते? खोट्या रेघेवर अस्सल डिजिटल सही झाली असती, आणि तो नकाशा आव्हान द्यायला अधिकच कठीण झाला असता. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणाने महाराष्ट्राला एक धडा दिला होता, तो असा की कागद खरा आहे याची हमी घ्या. त्यातून फ्रँकिंग, ई-एसबीटीआर, ग्रास प्रणालीवरचे ऑनलाइन भरणे या दिशेने राज्य गेले आणि ते काम बऱ्यापैकी झाले. मढचा धडा वेगळा आहे, आणि माध्यम कितीही पक्के केले तरी तो आपोआप शिकला जात नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ठरावीक, कुलूपबंद फॉर्म दुबळ्या पक्षाचेच रक्षण करतो, असे म्हणता येईल. नोंदणी विभागाच्या ठरीव नमुन्यामुळे भाडेकराराची हाडे तरी सरकारने ठरवलेली असतात. मुद्रांक शुल्काचे गणितही फॉर्म स्वतःच करतो. दरमहा ५० हजार भाडे, अकरा महिने, दोन लाख डिपॉझिट असेल, तर एकूण भाडे साडेपाच लाख, डिपॉझिटवर १० टक्क्यांनी मानलेले व्याज सुमारे १८ हजार, आणि त्या बेरजेच्या पाव टक्का म्हणजे साधारण चौदाशे रुपये शुल्क. वर शहरी भागात एक हजार रुपये नोंदणी फी. पूर्वी हाच हिशेब एजंट मोघम सांगे आणि वरचे पैसे खिशात घाली. रकाने कोणी काहीही भरावे असे मोकळे सोडले, तर बलवान पक्ष त्यात आपल्या अटी कोंबील. बंद फॉर्म ते थोपवतो. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. किंबहुना माझा मुद्दा त्यातूनच पुढे सरकतो. सरकारी नमुना चांगला ठरतो, कारण तो आखणारा ज्ञात आहे, नमुना सर्वांना सारखाच आहे, आणि त्यात गैर काही आढळले तर विधानसभेत प्रश्न विचारता येतो, न्यायालयात जाता येते. खासगी फॉर्मला यातले काहीच लागू नाही. मढच्या बंगल्यांमध्ये मालिकांचे चित्रीकरण चालते. टीव्हीच्या धंद्यात मानधन ९० दिवसांनी देण्याचा रिवाज कलाकारांच्या आणि कामगारांच्या तक्रारीचा जुना विषय आहे. अशा धंद्यात करार मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला, त्यात ९० हा आकडा छापील मजकुराचा भाग असला आणि भरायला फक्त नाव, पॅन आणि बँक खाते एवढेच रकाने उघडे असले, तर ती आखणी एक बाजू घेऊन बसलेली आहे. तिथे कुलूप दुबळ्याच्या हातावर पडले आहे. तेव्हा रकाना उघडा असावा की बंद, याला सरसकट उत्तर नाही. जी गोष्ट दोघांनी ठरवायची ती उघडी हवी, जी कायद्याने ठरली ती बंद हवी, आणि कोणती कुठली हे ठरवणाऱ्याचे नाव फॉर्मवर हवे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: कागदी करार तरी कोण वाचत होते? फारसे कोणी नाही. विम्याचा प्रस्ताव, बँकेचे कर्जपत्र, सोसायटीचे हमीपत्र यांवर आपण डोळे मिटूनच सह्या केल्या. पण न वाचणाऱ्याचे नुकसान मर्यादित ठेवायला कागदाकडे काही अडथळे होते: वेळ जाई, साक्षीदार लागत, प्रत्येक पानावर सही लागे, आणि बाजूला बसलेला एखादा जाणता माणूस ‘हे काय लिहिलंय?’ असे विचारी. इलेक्ट्रॉनिक फॉर्मने हे अडथळे काढले, आणि तेच त्याचे यश म्हणून सांगितले जाते. कर्सर एका पिवळ्या खुणेवरून पुढच्या पिवळ्या खुणेवर उडी मारतो. मधली पाने ओलांडली जातात. हे सोय म्हणून केलेले आहे, पण न वाचण्याला त्याने सवयीतून उचलून रचनेचा भाग बनवले.

एक अडचण खास आपली आहे आणि तिच्याबद्दल फार थोडे बोलले जाते. पीडीएफच्या रकान्यात भरलेल्या मजकुराची दोन रूपे साठवली जातात: एक मूळ अक्षरांची किंमत आणि दुसरे तिचे पडद्यावरचे चित्र. रोमन लिपीत ही दोन्ही सहसा जुळतात. देवनागरीत जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटीची जागा हे सगळे फॉन्ट आणि मजकूर मांडणारे सॉफ्टवेअर मिळून ठरवतात, आणि फॉर्मच्या रकान्यांत ही मांडणी अनेक पीडीएफ वाचकांना नीट जमत नाही. ‘कऱ्हाडकर’ किंवा ‘वैद्य’ एका मशीनवर ठीक दिसते, दुसऱ्यावर हलन्त तुटून पडते, ‘किणी’ची वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, तर तिसऱ्यावर नुसते रिकामे चौकोन. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर प्रत्यक्षात रोमन अक्षरांचा कचरा म्हणूनच साठवलेला असतो. सही या सगळ्या बाइट्सवर बिनतक्रार होते. वाचता न येणाऱ्या नावावरही सही वैध. या त्रासावर फॉर्म बनवणाऱ्यांनी शोधलेला उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे: ‘कृपया इंग्रजी कॅपिटल अक्षरांत भरा.’ महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर साठ वर्षांनी मढच्या मच्छीमाराला भाडेकरार, कर्जकरार, विम्याचा अर्ज इंग्रजी रकान्यांत भरून घ्यावा लागतो. ‘भरून घ्यावा’ म्हणजे दुसऱ्याकडून. मग भरणारा वेगळा, सही करणारा वेगळा आणि समजलेला कोणीच नाही. फॉन्टच्या एका अडचणीने संमतीचा अर्थ इतका पातळ होतो. याची दुरुस्ती अवघड नाही: योग्य फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करायचा, आणि सहीआधी भरलेले रकाने पानावर कायमचे उमटवून, म्हणजे सपाट करून, तोच मजकूर सही करणाऱ्याला दाखवायचा. कोणी मागत नाही म्हणून होत नाही.

वाचून दाखवणे हा उपाय भाबडा वाटेल, पण महाराष्ट्रात तो मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. त्याआधी संगणकीकृत सातबारा गावोगाव चावडीवर जाहीरपणे वाचून दाखवण्याची मोहीम राबवली गेली. नाव चुकले, क्षेत्र चुकले, वारस सुटला अशा तक्रारी घेऊन दुरुस्त्या झाल्या आणि मगच तलाठ्याच्या सहीचा टप्पा आला. त्यानंतरही चुका राहिल्या, लोकांना हेलपाटे पडले, हे खरेच. पण क्रम योग्य होता: आधी रकान्यातला मजकूर संबंधितांच्या कानावर, नंतर सही. करारांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने याच दिशेचे पाऊल टाकले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांसाठी बँकांनी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ ठरावीक नमुन्यात द्यायचे, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, त्यातला मजकूर समजावून सांगितल्याची पोच घ्यायची, आणि सात दिवस किंवा अधिक मुदतीच्या कर्जासाठी विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यायचे. म्हणजे कोणते रकाने असावेत, कोणत्या भाषेत असावेत आणि सहीआधी किती वेळ मिळावा हे नियामक ठरवू शकतो. त्याने धंदा बुडाला नाही. भाडेकरार आणि कामाचे करार यांना अशी मोजपट्टी लावायला अडचण कसली?

अडचण सांगितली जाते ती वेगाची. मढसारख्या ठिकाणी सगळे ऑनलाइन आले ते फेऱ्या वाचवायला. आता वाचन, पोच, थांबण्याचे दिवस घातले तर पुन्हा दिरंगाई आणि पुन्हा दलाल, असे म्हणतात. पण दलाल गेला कुठे आहे? तो कार्यालयाबाहेरच्या टेबलावरून लॅपटॉपवर आला, आणि आता फॉर्मच त्याच्या हातात आहे. एजंटला उखडून टाकावे असे मला वाटत नाही. बोटीच्या आणि बाजाराच्या वेळा सांभाळणाऱ्याला तो लागतोच. मात्र फॉर्म कोणी भरला याची नोंद त्याच फॉर्ममध्ये त्याच्या स्वतःच्या सहीने व्हावी. जुन्या दस्तांवर लेखकाचे नाव लिहिण्याची पद्धत होती. ती इलेक्ट्रॉनिक फॉर्ममध्ये आणणे म्हणजे एक रकाना वाढवणे. रिकामे सोडलेले रकाने सहीआधी आपोआप ‘निरंक’ व्हावेत. आधीच टिक केलेला चौकोन संमतीचा पुरावा धरू नये. आणि प्रत्येक ऐच्छिक अटीपुढे ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ असे दोन्ही चौकोन असावेत, म्हणजे पेनाने खोडण्याचा जो हक्क गेला तो निदान टिकच्या रूपात परत येईल. यातल्या कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही. पीडीएफच्या मानकात रकाने गोठवण्याची, सहीनंतर काय बदलता येईल हे ठरवण्याची सोय कधीपासून आहे. ती वापरण्याची सक्ती तेवढी नाही.

रकाना हा धोरणाचा विषय होऊ शकतो हे महाराष्ट्राने अलीकडेच एका वेगळ्या संदर्भात दाखवून दिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लागू झाला. पिढ्यान्‌पिढ्या ‘मधले नाव’ या एका चौकोनाने आईला कागदाबाहेर ठेवले होते. तो चौकोन बदलायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागला. मढच्या कोळीवाड्यातले घर अजून तशाच एका चौकोनाशी अडते. फ्लॅट क्रमांक, मजला, इमारतीचे नाव, रस्ता असे तारांकित रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि कोळीवाड्यातल्या कित्येक घरांना यातले काहीच नसते. मुंबईच्या अनेक कोळीवाड्यांचे सीमांकन वर्षानुवर्षे रेंगाळलेले, त्यामुळे मिळकत पत्रिकेचा आधारही सगळ्यांकडे नाही. तारा हटवाव्यात, पत्ता लोक जसा सांगतात तसा एका मोकळ्या रकान्यात लिहू द्यावा, आणि तो मराठीत लिहिला तरी धड दिसावा, हे काम नोंदणी विभागाला पुढच्या आवृत्तीत करता येईल. सीमांकन पूर्ण होईपर्यंत थांबण्याचे त्याला कारण नाही.